जुनं नाव कुठे जातं?

गेल्या पावसात एक काका माझ्या टेबलासमोर प्लॅस्टिकची पिशवी उलटी करून बसले. आधारवर किसन, शाळेच्या दाखल्यावर कृष्णा, सातबाऱ्यावर कृष्णाजी. बँकेच्या पासबुकात इंग्रजीतून फिरून मराठीत आलेला क्रिष्णा. मतदारयादीत तर आडनावच दुसरं, गावाच्या नावाला 'कर' लावलेलं. पेन्शनचा अर्ज परत आला होता. म्हणाले, "मी एकच आसय मा रे? मगे हे पाच कोण?"

सिंधुदुर्गातल्या एका तहसीलसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज. पंधरा वर्षं दुसऱ्यांची नावं टाइप करतोय. वकील नाही मी, पण कोणता कागद कोणत्या खिडकीवर अडतो ते बघून बघून कळायला लागलं आहे. तेवढंच इथे सांगतो. नाव बदलायचं असेल त्यांच्यासाठी आणि नावासोबत कागदावरचं लिंगही बदलायचं असेल त्यांच्यासाठीही, कारण निम्मी वाट दोघांची एकच आहे.

आधी एक गंमत. १९८१ च्या आधी जन्मलेल्या मालवण-कुडाळच्या माणसाच्या दाखल्यावर 'जिल्हा रत्नागिरी' असतं. अलिबागचा असेल तर 'जिल्हा कुलाबा'. त्या वर्षी १ मे ला सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि त्याच साली कुलाब्याचं रायगड झालं. आजवर कुठल्या कारकुनाने जिल्ह्याला 'आधीचा तूच कशावरून' असं विचारलेलं नाही. माणसाला मात्र विचारतात. आणि त्यात तसं चूकही काही नाही. कर्ज घेतलेला कृष्णा आणि फेडायला आलेला किसन एकच आहेत हे कोणीतरी बघायला हवंच. सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. जुन्या नावापासून नव्या नावापर्यंत साकव घालायचा, आणि त्याची एकही फळी सुटू द्यायची नाही.

दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा

टेबलावर बसलेल्या माणसाला मी पहिलं हेच विचारतो: चूक झाली आहे, की तुम्हाला दुसरं नाव घ्यायचं आहे? लोकांना दोन्ही एकच वाटतं, आणि चुकीच्या रांगेत उभं राहून चार महिने जातात.

चूक असेल तर ज्या वहीत ती झाली तिथेच जायचं. जन्मनोंदीतली चूक जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली दुरुस्त होते. सातबाऱ्यावर नाव लिहिताना हात चुकला असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५, अर्ज तहसीलदारांकडे. इथे गॅझेट लागत नाही. लोक आधी गॅझेट करून येतात आणि मग स्वतःच अडकतात, कारण 'नाव बदललं' असं जाहीर केल्यावर 'ती चूक होती' असं कसं म्हणणार?

कलम १५ बद्दल जरा थांबतो, कारण मला ते आवडतं. ग्रामपंचायतीची जुनी जन्मनोंद वही बघितली आहे? लांबट, कापडी पाठीची, निळी शाई पिवळी पडत चाललेली. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याआधीच, त्यामुळे कितीतरी पानांवर बाळाच्या नावाची जागा कोरी. नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचं नाव, वाडी. कलम १५ खाली दुरुस्ती करताना ग्रामसेवक मूळ नोंद खोडत नाही. कायद्यानेच खोडता येत नाही. बाजूच्या समासात दुरुस्ती लिहायची, तिथेच सही आणि तारीख घालायची. मूळ अक्षरं तशीच राहतात, त्यांच्या शेजारी नवी बसतात. पुढे जे जे सांगणार आहे त्यात हीच पद्धत निरनिराळ्या रूपांत दिसेल.

आता बदल. चूक नाही, पण नाव वेगळं हवं आहे. घटस्फोटानंतर माहेरचं आडनाव, अंकशास्त्रवाल्याने सांगितलेलं एक जादा अक्षर, आजोबांनी टाकून दिलेलं आडनाव परत, काहीही. ह्याला महाराष्ट्रात रस्ता राजपत्राचा, म्हणजे आपल्या बोलीत गॅझेटचा. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय मुंबईत चर्नी रोडला आहे, पण तिथे जावं लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. जुनं नाव, नवं नाव, कारण, ओळखीचा पुरावा, फोटो, सही. राजपत्राच्या भाग दोनमध्ये दोन रकाने छापून येतात: जुने नाव, नवीन नाव. पीडीएफ उतरवून घ्यायची आणि जपायची.

ह्या गॅझेटबद्दल गावात फार मोठा समज आहे, जणू सरकारने नवं नाव मंजूर केलं. त्याच पानावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं ते वाचा. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, कागदपत्रांची पडताळणी न करता अर्जदाराच्या अर्जावरूनच सूचना छापली आहे, अशा अर्थाची ती टीप आहे. म्हणजे गॅझेट ही दवंडी. तुम्ही जगाला सांगितलंत की आजपासून मी अमुक. सरकारने ढोल दिला, एवढंच. तरी चालतं, कारण पुढची प्रत्येक कचेरी त्या दवंडीला मान देते.

प्रतिज्ञापत्राचं एक सांगून टाकतो. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरी खिडकीपलीकडून 'स्टॅम्प आणा' येतं आणि लोक धावतात. मीही सुरुवातीला धावायला लावायचो, माहीत नव्हतं.

शाळेचा दाखला

सगळ्यात चिवट कागद हा. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत नावात बदल होऊ शकतो. एकदा दाखला घेऊन बाहेर पडलं की जनरल रजिस्टरातली फक्त उघड लेखनचूक दुरुस्त होते. म्हणून दहावीच्या आधी, म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरायच्याही आधी, मुलाचं नाव अक्षर अन् अक्षर तपासा. बोर्ड शाळेच्या रजिस्टरावर चालतं, शाळा जन्मदाखल्यावर.

आपल्याकडे आणखी एक गुंता. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गाला रत्नागिरीचं कोकण विभागीय मंडळ आहे, पण त्याआधी दहावी झालेल्या पुष्कळांच्या गुणपत्रिकेवर कोल्हापूर विभाग असतो. पत्ता लिहिण्याआधी गुणपत्रिका उलटसुलट करून बघा.

दहावीनंतर नाव बदललेल्यांनी काय करायचं? ह्यावर सर्वोच्च न्यायालयाचा ३ जून २०२१ चा निकाल आहे, जिज्ञा यादव विरुद्ध सीबीएसई. तो सीबीएसईपुरता असला तरी विचार सगळ्यांच्या कामाचा आहे. नाव हा माणसाच्या अभिव्यक्तीचा भाग आहे, बोर्डाने सरसकट 'नाही' म्हणू नये, असं न्यायालय म्हणालं. स्वतःच्या मर्जीने नाव बदललं असेल तर बोर्डाने गॅझेट मागावं, आणि नव्या प्रमाणपत्रावर जुन्या नावाचाही उल्लेख असावा. आला की नाही परत तोच समास?

बोटीवर जाणाऱ्या पोरांनी मात्र थांबून चालत नाही. सीडीसीवरचं, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेवरचं, आणि पासपोर्टवरचं नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी एजंट परत पाठवतो. आणि पासपोर्टमध्ये खाडाखोड होत नाही, पुस्तिका नवीच निघते.

नाव आणि लिंग दोन्ही

२०२२ मध्ये वेंगुर्ल्याच्या बाजूचा एक मुलगा माझ्याकडे आला. दुकानात गर्दी होती म्हणून बाहेर फणसाखाली उभा राहिला, माणसं गेल्यावर आत आला. गोव्यात हॉटेलात कामाला होता. मिशी फुटलेली, आवाज भरलेला, आणि आधार मुलीच्या नावाचं. दर वेळी पोलिसांनी गाडी अडवली की लायसन्स दाखवायचं आणि मग पंधरा मिनिटं स्पष्टीकरण. तो म्हणाला, "दादा, गाडीचे पेपर क्लिअर आसत, माझेच नाय."

इथे एक बाजूची गोष्ट. दशावतारात स्त्रीपार्टी करणारे आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय. रात्री द्रौपदी होणारा सकाळी जोत धरतो, त्याला कागद बदलायचा नसतो, कारण तो बदललेलाच नसतो. ते सोंग आहे. ह्या मुलाचं आयुष्यभराचं उलटं होतं. सोंग त्याच्या आधारकार्डावर होतं.

कायदा कसा आला ते थोडक्यात. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात, निकाल दिला. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांचं ते खंडपीठ. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवायचा हक्क त्या त्या माणसाचा आहे, असं त्यात म्हटलं. पुढे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा झाला, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्याच वर्षी सप्टेंबरात नियम आले आणि २५ नोव्हेंबरला केंद्राचं पोर्टल सुरू झालं. ह्या कायद्याच्या मजकुरावर पहिल्यापासून वाद आहेत, आणि कायद्यात दुरुस्त्या होत असतात. म्हणून मी पुढे जे सांगतोय ते त्या मुलाच्या वेळचं, २०१९ च्या मूळ कायद्याचं आणि २०२० च्या नियमांचं. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी कोणता मजकूर लागू आहे ते समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात आधी विचारा.

त्या नियमांत पायऱ्या दोन होत्या. पहिली कलम ५ आणि ६ ची. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या कलेक्टरांकडे, अर्ज आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र. डॉक्टरचा कागद नाही, तपासणी नाही. नियमातच लिहिलं होतं की वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता, प्रतिज्ञापत्रावरून प्रमाणपत्र द्यायचं, ३० दिवसांत. सोबत ओळखपत्र. अठराच्या खालच्या मुलासाठी अर्ज आईवडिलांनी किंवा पालकाने करायचा. अर्ज फेटाळला तर ९० दिवसांत अपील. ह्या प्रमाणपत्रावर लिंग 'ट्रान्सजेंडर' असं यायचं.

दुसरी पायरी कलम ७ ची. शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला जोडून पुन्हा कलेक्टरांकडे, मग सुधारित प्रमाणपत्रावर 'पुरुष' किंवा 'स्त्री'. कायद्यात शब्द शस्त्रक्रियेचा होता, पण नियमांनी वैद्यकीय उपचाराच्या व्याख्येत समुपदेशन आणि हार्मोनचे उपचारही घेतले. ह्या दोन मजकुरांतल्या फटीत पुष्कळ अर्ज अडकले.

आमच्या मुलाचा पहिला प्रश्न होता, अर्ज ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गाच्या जिल्हा मुख्यालयात, करायचा की पणजीला? नियम म्हणत होता, ज्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहताय तिथे. चाकरमान्यांचं हे जुनंच दुखणं. राहायचं एकीकडे, रेशनकार्ड दुसरीकडे. तो रोज संध्याकाळी गाडीने घरी परत येत होता, झोपायला गावातच होता, म्हणून ओरोस. मुंबईत खोली करून राहणाऱ्याने गावच्या पत्त्यावर अर्ज करायची घाई करू नये. प्रमाणपत्र कुठल्याही जिल्ह्याचं असो, देशभर चालतं.

त्याला खरी भीती पोस्टमनची होती. आमच्याकडे पोस्टमन पाकीट देतो आणि सोबत 'काय आलाहा?' पण विचारतो. पोर्टलवर अर्जही करता येतो आणि प्रमाणपत्र उतरवूनही घेता येतं, हे ऐकल्यावर तो खुर्चीला पाठ टेकून बसला. तोवर काठावर बसला होता.

प्रमाणपत्र हातात आल्यावर पुढचे कागद. नियमांसोबत कागदपत्रांची यादी होती: जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं, आधार, पॅन, लायसन्स, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट अशी. त्या त्या कचेरीने अर्ज आल्यापासून १५ दिवसांत नाव, लिंग, फोटो बदलून द्यायचा. आणि एक ओळ फार मोलाची: बदललेल्या कागदाचा क्रमांक जुन्याचाच राहील. पॅन तोच, आधार क्रमांक तोच. म्हणजे कर्जाचा इतिहास, पीएफ, दहावीचे गुण, काही तुटत नाही. आतला माणूस तोच आहे ह्याची खूण म्हणून तो आकडा राहतो.

कायद्याने पहिलं नाव बदलायचा हक्क ह्या प्रमाणपत्रातच होता. तरी मी त्याला गॅझेटही करायला लावलं. कारण साधं आहे. खिडकीवरच्या माणसाने हे प्रमाणपत्र कदाचित आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं असतं, गॅझेट त्याने शंभरदा पाहिलेलं असतं. हक्क सिद्ध करत बसण्यापेक्षा ओळखीचा कागद पुढे केलेला बरा. काही जणांना हे माघार घेतल्यासारखं वाटतं, वाटू दे.

माझी चूक

आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं. लिंग एकदा. हे मला माहीत होतं. तरी गॅझेट यायच्या आधी, 'होतंय का बघू' म्हणून मी त्याच्या नावाचा अर्ज टाकला, आणि इंग्रजीत एक 'ए' कमी पडला. अर्ज मंजूर झाला. दोनपैकी एक संधी माझ्या एका बोटाने खाल्ली. गॅझेट आल्यावर दुसरी वापरली, ती बरोबर झाली. मर्यादा संपली तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, विभागीय कार्यालयाकडे अपवाद म्हणून मागावं लागतं, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येऊ नये.

लिंगाचं तर त्याहून नाजूक. ज्याला दोन्ही पायऱ्या चढायच्या आहेत, म्हणजे आधी 'ट्रान्सजेंडर' आणि उपचारानंतर 'पुरुष' किंवा 'स्त्री', त्याने आधारमधली ती एक संधी कधी वापरायची हे शांतपणे ठरवावं. उपचार चालू असतील आणि काही महिन्यांचाच प्रश्न असेल तर मी थांबायला सांगतो. उपचार करायचेच नसतील, आणि पुष्कळांना करायचे नसतात, तर थांबायचं कारण नाही. आधारात 'ट्रान्सजेंडर' हा पर्याय आहे, पॅनमध्येही २०१८ पासून आहे, मतदारयादीत तर २००९ पासून 'इतर' आहे.

आधार झालं की लगेच पॅन, कारण दोन्ही जोडलेले असतात आणि नाव जुळलं नाही की बँक बोंब मारते. मग बँक, मग मोबाईलचं सिम. मतदार यादीला फॉर्म ८. शाळेचा दाखला ह्या रांगेत शेवटी ठेवला तरी चालतो, पण अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकून ठेवावा, कारण तो शिजायला वेळ घेतो. त्याच्या शाळेने आधी रजिस्टरात बदल होत नाही म्हणून सांगितलं. नियमांची प्रत आणि ती कागदपत्रांची यादी जोडून दुसऱ्यांदा अर्ज दिला, तेव्हा कुठे तो वरच्या कार्यालयाकडे गेला. शेवटी झालं, वर्ष लागलं.

ह्या सगळ्यात जुनी झेरॉक्स फेकायची घाई असते. त्याने जुन्या आधारचे तुकडे माझ्यासमोर केले, मी काही बोललो नाही. पण त्याआधी स्कॅन करून ठेवलं होतं. दहा वर्षांनी पीएफ काढताना कोणीतरी विचारणार, ही बाई कोण?

सगळं संपलं असं समजून आम्ही चहा घेतला, आणि दोन महिन्यांनी तो आईला घेऊन परत आला. रेशनकार्डावर नाव नवं होतं, लिंग नवं होतं, आणि तिसऱ्या रकान्यात, 'कुटुंबप्रमुखाशी नाते' ह्याच्या खाली, अजून 'मुलगी'. हा रकाना कोणाच्याच डोक्यात येत नाही. पुरवठा शाखेला अर्ज लिहायला घेतला.

आई इतका वेळ गप्प होती. मग तिने जमिनीचं विचारलं, कागद असा बदलला म्हणून वाटणीत काही कमी-जास्त होतं का? मी सांगितलं, नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जितात मुलगी आणि मुलगा सारखेच, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तरी हिस्सा तेवढाच. फक्त फेरफाराला वारस म्हणून नाव लावताना गॅझेट आणि प्रमाणपत्र दोन्ही जोडा.

मी अर्ज प्रिंटरला दिला. ती उठली नाही. पदराखालून तिने स्वतःचं आधार काढलं आणि त्याच्या बाजूला सुरळी झालेला एक चौथीचा दाखला ठेवला. दाखल्यावरचं नाव आधारवर कुठेच नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं होतं, तेच सगळीकडे लागलेलं. गॅझेट नाही, अर्ज नाही, कोणी विचारलंही नाही.

"आता माझा पण जरा बघ," ती म्हणाली. "माझा आधीचा नाव परत मेळात काय?"